डाव्या पायाचा अंगठा

मी पायाळू. म्हणजे जगात येताना माणसं रीतीप्रमाणं डोकं पुढं घालून येतात, मी पाय पुढं घालून आलो. "डोक्याचा उपयोग त्यानं तेव्हाही केला नाही आणि पुढंही केला नाही," असं आमचे वडील, अण्णा, आल्यागेल्याला सांगायचे. पण सोलापुरात पायाळू माणसाला मान होता. वाकताना, घागर उचलताना, नाहीतर नुसतं शिंकताना पाठीत जी चमक भरते तिला आमच्याकडं उसण म्हणतात, आणि पायाळू माणसाची लाथ पाठीला लागली की उसण उतरते यावर अख्ख्या गल्लीचा विश्वास होता. आमची गल्ली साखर पेठेच्या मागं. अर्धी गल्ली यंत्रमागांवर उभी, अर्धी विड्या वळत बसलेली. उभ्या माणसांच्या टाचा जायच्या, बसलेल्यांच्या पाठी. टाचांना औषध नव्हतं, पाठींना मी होतो.

सकाळी मी राखुंडीनं दात घासत असायचो आणि दारात कुणीतरी वाकडं होऊन उभं असायचं. "दिग्या उठला काय?" अशी आत हाक. मग ते माणूस भिंतीला दोन्ही हात टेकून पाठ करून उभं राहायचं, मी चूळ भरून यायचो आणि कमरेवर हलक्या हलक्या लाथा घालायचो. झालं की लगेच वाकून त्याच माणसाच्या पाया पडायचो, कारण मोठ्यांना पाय लागला तर नमस्कार करायचा ही शिकवण. गल्लीतल्या झाडून सगळ्या वडीलधाऱ्यांना मी लाथ घातलेली आहे आणि प्रत्येकानं मला आयुष्यवंत हो म्हटलेलं आहे. असा योग फार थोड्यांच्या पत्रिकेत असतो. आणि गंमत म्हणजे गुण यायचा! दोन-चार दिवसांत माणूस सरळ होऊन हिंडायला लागायचं. शेजारच्या मल्लव्वाकाकू मूळच्या अक्कलकोटकडच्या, बोलणं निम्मं कानडी. त्या तर मला बघितलं की आधी माझ्या पायाकडं बघायच्या आणि मग तोंडाकडं. सोळा-सतराव्या वर्षापर्यंत माझी खात्री पटली होती की आपल्याला शिक्षणाची गरज नाही, देवानं धंदा पायातच घालून पाठवलाय.

आज माझ्या स्वतःच्या टाचा सकाळी जमिनीला टेकत नाहीत. नातीच्या वयाची एक फिजिओथेरपिस्ट मुलगी मला पाण्याची बाटली गोठवून तळव्याखाली फिरवायला लावते, आणि भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायला लावते. भिंतीकडं तोंड करून असा उभा राहिलो की गल्लीतले माझे सगळे पेशंट आठवतात, आणि मी चोरून मागं वळून बघतो, कुणी लाथ उगारली नाही ना. मुलगी म्हणते, "काका, मान सरळ." तिला काय सांगणार!

घरात फक्त एका माणसानं माझ्या पायाचा गुण घेतला नव्हता. आईनं. तिची पाठ दुखायची नाही असं नव्हे. ती कडक भाकरी करून खानावळींना आणि परगावी जाणाऱ्यांना द्यायची. कडक भाकरी म्हणजे ज्वारीची भाकरी पातळ थापून, भाजून, मंद निखाऱ्यावर पापडासारखी वाळवलेली; महिनाभर टिकते, दाताखाली कडाकडा मोडते. पहाटेपासून चुलीपुढं बसायचं. बसायची ठेवणही ठरलेली, डावा पाय खाली दुमडून त्यावर बसायचं, उजवा गुडघा वर. इतकी वर्षं तसं बसून तिच्या डाव्या घोट्यावर सुपारीएवढा काळा घट्टा पडला होता. आमच्या घराला घड्याळाची गरज नव्हती. थाप थाप थाप असा परातीचा आवाज चालू असला की सकाळ, उखळात शेंगांच्या चटणीचा दणका सुरू झाला की दुपार. लाल तिखट, लसूण, भाजलेल्या शेंगा, आणि तेल सुटेपर्यंत कुटायचं. त्या दणक्याला लागूनच पलीकडच्या कारखान्यातल्या मागांची खटखट चालायची, आणि वीज गेली की ती एकदम थांबायची. तेव्हा लक्षात यायचं की आपण इतका वेळ ओरडून बोलत होतो.

"आई, एकदा लाथ घालू दे की," मी म्हणायचो. मनातून माझा अपमान झालेला असायचा. सगळ्या गल्लीला मी चालतो आणि घरात किंमत नाही.

"तुजं पाय मी समद्यांच्या आदी बघितलेत," आई हातातली भाकरी न थांबवता म्हणायची. "तवाच लई गुण आला. आता नगं."

मी त्याच वयाचा असताना, उन्हाळ्यात एका सकाळी तिनं पिठाचा डबा उचलला आणि तशीच राहिली. "आई गं" एवढं एकदाच म्हणाली. डबा खाली ठेवता येईना, सरळ होता येईना. मी आणि मल्लव्वाकाकूंनी डबा काढून घेतला आणि तिला जमिनीवर आडवी केली. काकू मला म्हणाल्या, "बघत काय उभा ऱ्हायलास? घाल की लाथ! लोकाच्या आईला घालतोस, तुज्याच आईला न्हाय व्हय?" मी पाय उचलला. खरंच उचलला, खोटं कशाला बोलू. आईनं डोळे न उघडता म्हटलं, "दिगू, पाय खाली." तिनं मला दिग्या न म्हणता दिगू म्हटलं, आणि मी पाय खाली ठेवला.

मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं, तेल लावलं. दोन-चार दिवस गेले, पण माणूस सरळ होऊन हिंडायला लागेना. उलट कळ पाठीतून निघून ढुंगणातून मांडीत, पोटरीत, थेट पावलावर उतरायला लागली. परसाकडं जाताना तिची डावी चप्पल पायातून निसटून पडायची आणि तिला कळायचं नाही. चप्पल एकीकडं आणि ती चार पावलं पुढं. ते बघून अण्णा बागवान डॉक्टरांना घेऊन आले. अण्णा गिरणीत टाईमकीपर होते. जगातल्या प्रत्येक गोष्टीला वेळेच्या आधी घाबरायचं, हा त्यांचा स्वभाव नोकरीमुळं झाला की स्वभाव बघून नोकरी मिळाली, मला ठाऊक नाही.

बागवान डॉक्टर हाडांचे डॉक्टर. बोलणं मराठी, दखनीची फोडणी. त्यांनी आईचा पाय सरळ ठेवून वर उचलून पाहिला, टाचणीनं टोचून पाहिलं, आणि मग तिच्या अंगठ्यावर आपलं बोट ठेवून म्हणाले, "आक्का, अंगठा वर ओढा. मी दाबतो, तुम्ही ओढा." उजव्या पायाचा अंगठा त्यांच्या बोटाला ढकलून वर आला. डाव्या पायाचा दबला. जोर लावताना आईच्या कपाळावर शीर आली, पण अंगठा दबला.

"मणक्यातली गादी सरकलीय," डॉक्टर अण्णांना म्हणाले. "नस दाबली जातीय. घाबरायचं नाही. बहुतेक गाद्या आपल्या आपण आत जातात, सुकतात. फळीवर झोपवा, कापसाची गादी नको. उठून बसायचं नाही, वाकायचं नाही. गोळ्या देतो. आणि ह्या लाथा-बिथा बंद."

मी खाली बघितलं. त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. "तू तो पायाळू होय? अरे, दहा माणसांची पाठ दुखली तर बहुतेकांची आपल्या आपण बरी होते. त्याआधी शेवटी ज्याचा हात लागला त्याचं नाव होतं. तुझा पाय लागला, तुझं नाव झालं. माझंबी निम्मं नाव असंच झालंय." माझा सगळा धंदा त्यांनी चहाचा कप संपायच्या आत बुडवला. मग म्हणाले, "आता खरं काम देतो. रोज सकाळी हा डाव्या पायाचा अंगठा तपासायचा. बोट ठेवायचं, दाबायचं, आक्का वर ओढणार. जोर किती आहे ते मला दवाखान्यात येऊन सांगायचं. जोर वाढला तर ठीक. उतरत चालला तर मोठ्या दवाखान्यात न्यायचं, पाठ उघडायला लागेल. आणि लघवी अडली, नाहीतर कळेनाशी झाली, तर मला विचारायला थांबायचं नाही, टांगा करून तिथंच जायचं."

हल्ली डॉक्टर म्हणतात की एवढं झोपून राहायचं नसतं, कळ सोसेल तेवढं हिंडाफिरायचं. बाटलीवाल्या मुलीला मी ही हकिकत सांगितली तेव्हा ती "बाई गं, इतके दिवस फळीवर?" म्हणून किंचाळली. पण तेव्हाचं शास्त्र तेव्हाचं. प्रश्न फळीचा होता. फळी आणायची कुठून? अण्णांनी घाबरून, कुणालाही न विचारता, आतल्या खोलीचं दारच बिजागरीतून काढलं आणि भिंतीला लागून विटांवर ठेवलं. त्यावर एक चादर अंथरून आईला निजवलं. आता खोलीला दार नाही, आणि आई दारावर. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस उंबऱ्यात उभा राहून आत बघायचा आणि "च् च् च्" करून जायचा.

घरातला परातीचा आवाज बंद झाला. बंद झाला म्हणजे माझ्या हाती गेला, आणि ते बंद झाल्यासारखंच. माझी भाकरी परातीतून तव्यापर्यंत कधी अखंड पोचली नाही. अण्णा निम्मी भाकरी तव्यावर आणि निम्मी चुलीत असल्या अवस्थेत "होईल, होईल" म्हणायचे. आई आतून ओरडायची, "पानी कोमट घ्यायचं! आरं, हातानं सरकीव, उचलू नगंस!" आणि तेवढ्या ओरडण्यानंही तिला कळ यायची, म्हणून मी आवाज न करता भाकरी थापायला लागलो. तसल्या भाकरीची कल्पना करा.

आणि रोज सकाळी अंगठा. मी दाराच्या कडेला जमिनीवर बसायचो आणि माझ्याकडचा पाय हातात घ्यायचो. एक पाय भिंतीकडचा, एक माझ्याकडचा. माझ्याकडचा तो डावा. मला डावं-उजवं आजही हाताकडं बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून मी ते असंच पाठ केलं होतं. जोडवं घातलेलं शेजारचं बोट, भेगाळलेली टाच. आईच्या पायाला मी कधी नमस्काराखेरीज हात लावला नव्हता. "ओढ," मी म्हणायचो. ती ओढायची. माझं बोट जिंकायचं. मग मी खाली मान घालून विचारायचो, "लघवी होती का नीट?" आणि ती म्हणायची, "तुजं लगीन झाल्यावर असंच बायकोला इचार, म्हंजी सुखी होशील." पण हसणं तोंडापुरतं. दिवसागणिक माझ्या बोटाला कमी दाबावं लागत होतं. शेवटी करंगळी नुसती टेकवली तरी अंगठा खाली जायचा. मी दवाखान्यात जाऊन तसं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अजून थोडं बघू. अण्णांना संध्याकाळी पाठव."

अण्णा जाऊन आले आणि चपला काढायच्या आधी उंबऱ्यातच म्हणाले, "ऑपरेशन करावं लागेल बहुतेक." मग पाणी मागितलं. आईनं तोंड भिंतीकडं केलं. तिच्या नणंदेचं, वैरागच्या आत्याचं, पाठीचं ऑपरेशन झालं होतं, आणि त्यानंतर आत्या पुन्हा कधी उभी राहिली नव्हती. आत्याला भेटायला आम्ही गेलो की आई परत येताना एस्टीत सोलापूर येईपर्यंत बोलायची नाही. आमच्या घरात ऑपरेशन या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठ्याच्या आधीच आईनं हाक मारली. "अवो, मला दक्षिणेकडं पाय करून निजीवलंय. जित्तेपणीच?"

अण्णांचा चेहरा उतरला. मढ्याचे पाय दक्षिणेला करतात हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. गडबडीत कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आईला तर उठवायचं नाही. मग मल्लव्वाकाकू, त्यांचा मुलगा, अण्णा आणि मी, चौघांनी चार कोपरे धरून आईसकट दार उचललं, खोलीच्या मधोमध गरकन फिरवलं, आणि पुन्हा भिंतीला लावलं. काकू "यव्वा, यव्वा" करत होत्या. आई वरून म्हणाली, "चौगांनी उचललंच हाय तर रामनाम तेवडं म्हनू नगा."

मी खाली बसलो, माझ्याकडचा पाय हातात घेतला. "ओढ." आणि काय सांगू! अंगठ्यानं माझं बोट असं वर भिरकावलं की मी मागं कलंडलो. पुन्हा दाबलं. पुन्हा वर. "अण्णा! अण्णा, आला!" मी ओरडलो. अण्णांनी देवापुढं साखर ठेवली. काकूंनी गल्लीत सांगितलं की पाय दक्षिणेकडून काढले आणि गुण आला. मी धावत दवाखान्यात गेलो. "एवढ्या लवकर?" डॉक्टर म्हणाले. "नीट दाबलंस?" मी म्हटलं, "मला उलथं पाडलं हो तिनं." त्यांनी भुवया वर केल्या, पण चेहरा उजळला. चार दिवस असंच राहू दे म्हणाले, मग तिला हळूहळू उठवून बसवा. ते चार दिवस मी गल्लीत असा हिंडत होतो जणू गादी मीच आत ढकलली. आई मात्र छताकडं बघत पडून असायची. मला वाटलं, आनंदानं मुकी झालीय.

तिला बसवायच्या आदल्या सकाळी मी कोमट पाण्यानं तिचे पाय पुसत होतो. भिंतीकडचा पाय चादरीत, माझ्याकडचा माझ्या मांडीवर. टाच पुसली, घोटा पुसला, आणि हात तिथंच थांबला. घोटा गुळगुळीत होता. ज्या घट्ट्यावर लहानपणी चुलीपाशी बसून मी बोटानं टिचक्या मारायचो, तो घट्टा नव्हता. मी मूर्खासारखा पाय उलटासुलटा करून बघितला, जणू घट्टा पलीकडं सरकला असेल. मग सगळी खोली माझ्याभोवती गरकन फिरली, त्या दिवशी दार फिरलं होतं तशी. दार फिरलं, की भिंतीकडचा पाय माझ्याकडं येणार आणि माझ्याकडचा भिंतीकडं जाणार. एवढी साधी गोष्ट. शाळेत मला भूमितीत का नापास केलं ते त्या क्षणी कळलं.

"आई, हा कुठला पाय?"

"पाय तो पाय."

मी चादर उचलली. भिंतीकडच्या घोट्यावर घट्टा होता. मी अंगठ्यावर बोटसुद्धा ठेवलं नाही. नुसतं म्हटलं, "उचल." अंगठा हलला नाही. जोडव्याशेजारी तो तसाच पडून राहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. "आई, उचल ना." आईनं छताकडं बघत ओठ आवळले. मांडी थरथरली, गुडघा थरथरला, अंगठा नाही.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं. "दक्षिणेचं सगळं नाटक."

"दक्षिन काय खोटी हाय व्हय? पाय व्हतंच की दक्षिनेला." मग तिनं माझं मनगट धरलं. हात भाकऱ्यांचा, पकड अशी की सोडवता येईना. "वन्संचं काय झालं ठाव हाय न्हवं? मी पडून ऱ्हाईन, लंगडीन, पर पाठ उघडू द्यायची न्हाय. डॉक्टरला माज्याबद्दल एक शबूद सांगायचा न्हाय. माजी शपत हाय तुला."

त्या सकाळी मी दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंत किती वेळा गेलो आणि परत आलो याचा हिशेब नाही. सांगावं तर शपथ मोडते, आणि आईची पाठ उघडतात. न सांगावं तर तो पाय कायमचा जातो, उद्या तिला बसवणार, आणि तेही माझ्याच शब्दावर. रसवंतीवाल्यानं मला विचारलं, काय हरवलंय का रे. शेवटी पाय आपोआप आत गेले. डॉक्टर एका मुलाच्या हाताचं प्लास्टर बघत होते.

"डॉक्टर," मी म्हटलं, "समजा एक बाई आहे. दुसऱ्याच कुणाची तरी आई. तिनं जर तपासताना चुकीचा पाय पुढं केला..."

डॉक्टरांनी प्लास्टर सोडलं. "ही दुसऱ्याची आई राहते कुठं?"

"आमच्याच घरी."

त्यांनी प्लास्टरवाल्या मुलाला थांबायला सांगितलं. बॅग उचलली आणि मला स्कूटरवर मागं बसवलं. वाटेत दोन खड्डे चुकवताना एकदा शिवी दिली, ती खड्ड्याला की मला, कळलं नाही.

घरी त्यांनी दोन्ही पाय स्वतः तपासले. टाचणी, हातोडी, बोट. आई माझ्याकडं बघेना. बराच वेळ तपासून ते दाराच्या कडेवर बसले. "आक्का, मला फसवून काय मिळालं?"

"पाठ शाबूत ऱ्हायली," आई म्हणाली.

"मी कापाकापीला टपलोय असं वाटलं? मला थांबायचंच होतं. पण आंधळ्यासारखं किती थांबणार? हा अंगठा म्हणजे माझा कंदील. तुम्ही कंदिलावर टोपलं घातलं." त्यांनी टाचणी बॅगेत टाकली. "हे बघा. जोर नाही. पण टाचणी लागतीय, लघवी ठीक आहे, कळ मांडीपर्यंत मागं आलीय, ही चांगली खूण. सोमवारपर्यंत थांबतो. रोज मी स्वतः येणार, ह्या पायाळूवर माझा भरवसा नाही. सोमवारी अंगठा इतकासुद्धा हलला नाही तर मोठा दवाखाना, आणि तुम्ही ना म्हणायचं नाही. कबूल?"

आईनं अण्णांकडं पाहिलं. अण्णा भिंतीला टेकून खाली बसले होते. "कबूल," ती म्हणाली.

ते दिवस आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. आई माझ्याशी बोलतच नव्हती. पाणी हवं असलं तर अण्णांना सांगायची, मी शेजारी तांब्या घेऊन उभा असलो तरी. मी भाकरी करायचो, ती खायची, नावंसुद्धा ठेवायची नाही. त्याचं मला सगळ्यात जास्त भय वाटायचं. डॉक्टर रोज यायचे, बोट ठेवायचे, मान हलवायचे, जायचे. अण्णांनी मोठ्या दवाखान्यात न्यायची पिशवी भरून खुंटीला टांगून ठेवली होती. त्या पिशवीकडं पाठ करून जेवायला बसायचं, म्हणून अण्णा आणि मी एकाच भिंतीला टेकून जेवायचो.

सोमवारी डॉक्टर आले तेव्हा वीज गेली होती. माग बंद. एवढी शांतता आमच्या गल्लीत मी कधी ऐकली नाही. त्यांनी घट्ट्याचा पाय हातात घेतला. बोट ठेवलं नाही, तळवा नुसता खाली धरला. "ओढा, आक्का." काहीच नाही. "पुन्हा. डोळे मिटून." अण्णा पिशवी खुंटीवरून काढायला उठले. आणि जोडवं हललं. अंगठा नव्हे, आधी जोडवंच दिसलं मला, उजेड सरकला त्यावरून. मग अंगठा, मुंगीनं कण ओढावा तसा, वर आला आणि थरथरत तिथंच राहिला.

"आहे," डॉक्टर म्हणाले. एवढंच.

आईनं मान वळवली आणि इतक्या दिवसांनी माझ्याकडं बघून बोलली. "दिग्या, मेल्या, अण्णांना धर. पडतील ते."

पुढचं सगळं हळूहळू झालं. आधी बसणं, मग पट्टा बांधून उभं राहणं, पोटाचे आणि पाठीचे व्यायाम. पावसाळा उतरला तेव्हा डॉक्टरांनी तिला दवाखान्याच्या व्हरांड्यात टाचांवर चालायला लावलं. चवडे वर आणि नुसत्या टाचा टेकून. बाकावर चार पुरुष बसलेले. "ह्यांना आदी भाईर घालवा," ती म्हणाली. मग लुगडं बोटभर वर धरून चालली. उजवा चवडा ताठ, डावा थोडा लोंबणारा, पण वर. डावी चप्पल तिची पुढं कायम पुढच्या टोकाला आधी झिजायची. तेवढं राहिलं ते राहिलं. पाठ कुणी उघडली नाही.

डॉक्टरांची एकच अट होती, चुलीपुढं जमिनीवर बसायचं नाही. अण्णांनी गवंडी आणून कमरेएवढा ओटा बांधून घेतला, वर स्टोव्ह. खाली तिला उभं राहायला जुन्या चादरीची घडी, आणि एक बुटका पाट, त्यावर एक पाय ठेवायचा, थकला की दुसरा. सगळं तयार झालं त्या दिवशी आईनं सकाळीच अंघोळ करून पदर खोचला. मल्लव्वाकाकू उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. आईनं कोमट पाण्यात पीठ मळलं, गोळा परातीत ठेवला आणि हात उचलला.

थाप पडली, पण ती थाप नव्हती. जमिनीवर बसून खांद्याचं वजन वरून यायचं. उभ्यानं ते हातात येईना. भाकरी एकीकडं जाड, एकीकडं पातळ, आणि फिरवता फिरवता कडेनं टरकन फाटली. माझी फाटायची अगदी तशी. आई त्या भाकरीकडं बघत उभी राहिली. दोन्ही पायांवर, सरळ.

"पाय आला," ती म्हणाली, "पर हात गेला बघ."

आणि जी बाई त्या सगळ्या दिवसांत एकदाही रडली नव्हती, ती फाटक्या भाकरीपाशी उभी राहून रडायला लागली. अण्णांनी पुढं होऊन ती फाटकी भाकरी तशीच तव्यावर टाकली, भाजली, हात पोळत तोडली आणि तोंडात कोंबून म्हणाले, "चव तीच आहे की!"

"तुमी गप बसा," आई म्हणाली. तिनं पदरानं नाक पुसलं, मल्लव्वाकाकूंना म्हणाली, "बघत काय उब्या, कामं न्हाईत व्हय?" आणि पाटावरचा पाय बदलून दुसरा गोळा परातीत घेतला.